चेडू झाला

वाकोल्यातल्या शेवंतीबाई धुरींना नात एकच. महापालिकेच्या दफ्तरात मात्र त्यांना नातू होता. हा नातू जवळजवळ चार वर्षं कुणी पाहिला नाही, त्याला कुणी न्हाऊ घातलं नाही, त्याचं बारसं नाही की जावळ नाही, कारण तो सुनेच्या पोटी आलाच नव्हता. तो आला होता शेवंतीबाईंच्या जिभेवरून. आता तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का? असतं हो! मालवणी जीभ आहे ती, तिच्यावरून काय वाट्टेल ते येतं. पण ती जीभ कशी घडली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा जरा दमानं घ्या.

शेवंतीबाई कुडाळकडच्या एका वाडीतल्या. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा नवरा, सहदेव, गिरणीत होता. अंगावरची हळद पुरती उतरली नाही तोच संप झाला आणि गिरणीचं दार जे लागलं ते लागलंच. सहदेव कपाळाला हात लावून बसणाऱ्यातला नव्हता. गोरेगावला स्टुडिओत दिवे उचलायच्या कामाला लागला. दिवसभर नट्यांच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "शेवंते, तुझ्या तोंडार उजेड पाडूची गरज नाय, तू अंधारातय बोलतंस!" बायकोचं बोलणं हाच त्याचा रेडिओ. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याची आठवण निघाली की शेवंतीबाई डोळे पुसत नाहीत, एवढंच म्हणतात, "माका ऐकणारो माणूस होतो."

कारण शेवंतीबाईंना ऐकणारं माणूस लागायचंच. घरात कसर भरून काढायला लागायची ना! दिवसभर त्या कलिन्याच्या एका इंग्रजी शाळेत मावशी होत्या. लहान वर्गातल्या पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, चड्ड्या बदलायच्या. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "मुलांशी इंग्लिश नाहीतर चांगलं मराठी. ते गावाकडचं बोलणं नको हं, मावशी." शेवंतीबाईंनी मान हलवली आणि रिटायर होईपर्यंत तो शब्द पाळला. "कम बेबी, सिट बेबी, नो क्राय बेबी," एवढ्या भांडवलावर त्यांनी अख्ख्या पिढ्या वाढवल्या. शाळेत तोंडाला लावलेलं कुलूप वाकोल्याच्या नाक्यावर उघडायचं, आणि मग जी मालवणी सुटायची ती घराच्या जिन्यापर्यंत लोकांना ऐकू यायची.

शाळेबद्दल मात्र त्यांच्या मनात कधी वाकडं नव्हतं. उलट जन्मभराचे उपकारच. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश त्याच शाळेत, त्याच बाईंच्या मेहेरबानीनं शिकला आणि आज बीकेसीत एसी ऑफिसात बसतो. "त्या शाळेचा मीठ खाल्लंय मी," असं त्या अजून म्हणतात. नात शाळेत जाईल तर त्याच शाळेत, हे त्यांनी सुनेला डोहाळे लागायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

सून दीप्ती घाटकोपरची. तिचे वडील ऑफिसात हेडक्लार्क, घरात सगळे शुद्ध बोलणारे, 'न' आणि 'ण' वेगवेगळ्या डब्यात ठेवणारे. लग्नानंतर पहिले काही महिने सासू काय म्हणते ते तिला निम्मं कळायचं नाही. एकदा सासू म्हणाली, "पाटलो बंद कर गो." दीप्तीनं घरातला टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, गॅस बंद केला. सासूला हवं होतं मागचं दार. पण पोरगी गुणाची. हसायची आणि पुन्हा विचारायची. कंटाळायची नाही.

शेवंतीबाईंना मुलीची फार हौस. देवानं पदरात एक मुलगा घातला आणि हात आखडता घेतला. "घरात चेडू नसला तर घराक तोंड नाय," असं त्या म्हणायच्या. आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. आपण कसं 'मूल झालं' म्हणतो, तसंच त्यांचं चेडू. फक्त ते 'झालं' म्हणत नाहीत, 'झाला' म्हणतात. आणि मुलगा झाला तर म्हणतात 'झिल झालो'. म्हणजे तुमच्याआमच्या कानाला जो पुल्लिंगी वाटतो तो 'झाला' कुडाळात निघतो मुलीचा. मालवणी माणसाला यात काहीच विचित्र वाटत नाही. बाकीच्यांची वाट लागते.

दीप्तीला दिवस भरले ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. सिद्धेश स्वतःच पॉझिटिव्ह निघून कोविड सेंटरमध्ये पडलेला, घाटकोपरचं सगळं घर आजारी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. शेवटी शेवंतीबाई एकट्याच सुनेला घेऊन जवळच्या एका छोट्या प्रसूतिगृहात गेल्या. आत एकाच माणसाला परवानगी. सिझेरियन करावं लागलं. बाई बाहेर बाकावर बसून वाडीतल्या देवापासून सुरुवात करून आठवतील तेवढ्या देवांना गाऱ्हाणं घालत होत्या. मग दार उघडलं, सिस्टरनं गुंडाळलेलं बाळ समोर धरलं आणि म्हणाली, "लक्ष्मी आली, आजी." शेवंतीबाईंना रडावं की नाचावं कळेना. शाळेत जन्मभर दाबलेली जीभ त्या क्षणी जी सुटली ती सुटलीच.

काउंटरवरचा माणूस नोंदी करून घेत होता. अंगात प्लास्टिकचा झगा, तोंडावर दोन मास्क, मधे जाड काच. इकडे बाईंच्या तोंडावरही मास्क आणि चष्म्यावर वाफ.

"आजी, काय झालं?" त्यानं विचारलं.

"चेडू झाला! चेडू झाला रे बाबा!"

"काय? नाव चेडू का?"

"चेडूच तर! माका चेडूच व्हया होता! देवान ऐकल्यान माझा!"

त्या बिचाऱ्याला चारीकडून हाका येत होत्या. 'झाला' ऐकलं, पुरुष लिहिलं. 'चेडू' ऐकलं, नाव लिहिलं. कागद पुढे सरकवला, आणि बाईंनी वाफाळलेल्या चष्म्यातून खाली सही ठोकून दिली. हात दाखवून अवलक्षण! पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक? शेवंतीबाई त्या माणसाला काचेतून हात जोडून आल्या होत्या.

मुलीचं नाव ठेवलं गंधाली. दीप्तीनं ठेवलं. आजीनं ते कधी वापरलं नाही, तिच्यासाठी ती "चेडवा"च. दीप्ती बँकेत, सिद्धेश बीकेसीत, म्हणजे दिवसभर पोर आजीकडे. साहजिकच गंधाली आईशी मराठी बोलायची आणि आजीशी झकास मालवणी. जन्माच्या दाखल्याची चार वर्षांत कधी गरजच पडली नाही. लसी घेतल्या त्या कार्डावर, आणि आधार कार्ड 'करू की रे' म्हणत राहून गेलं.

गेल्या जानेवारीत शाळेचे प्रवेश सुरू झाले. शेवंतीबाईंची शाळा, तेव्हा नाव लगेच लागलं. शाळेनं सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत जन्माचा दाखला आणून द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाईल. सिद्धेश ऑफिसातून येता येता दाखला घेऊन आला. सोफ्यावर बसून बूट काढता काढता त्यानं तो वाचला, आणि एक बूट हातातच राहिला.

"आये! ह्या काय? नाव चेडू? लिंग पुरुष?"

शेवंतीबाईंना आधी वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मग खाली माहिती देणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव वाचून दाखवलं, तशी त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. सिद्धेशचं डोकं फिरलं होतं. "तुका साधा 'मुलगी झाली' म्हणूक काय झाल्ला? हॉस्पिटलात तरी नीट बोलायचंस ना! आता शाळेची वाट लागली. तुझ्या ह्या मालवणीपायी माझी मुलगी मुलगा झाली!"

"सिद्धेश, पुरे," दीप्ती म्हणाली. "मी टेबलावर बेशुद्ध होते आणि तू सेंटरमध्ये होतास. तिथे फक्त आई होत्या. त्या नसत्या तर काय झालं असतं ते आधी बोल."

सिद्धेशनं हातातला बूट खाली ठेवला. पण बोललेला शब्द काय परत घेता येतो? शेवंतीबाईंच्या तो जिव्हारी लागला. मुलगा ओरडला याचं त्यांना एवढं वाटलं नाही, तो खरं बोलला याचं वाटलं. ज्या शाळेत आपण जन्म काढला तिथली नातीची जागा आपल्याच तोंडानं घालवली. जळला मेला ह्या तोंड!

दुसऱ्या दिवसापासून शेवंतीबाईंनी मालवणी सोडली. दारू सोडतात तशी सोडली, एकदम. सकाळी गंधाली उठून आली तर आजी म्हणते, "गंधाली बाळ, इकडे ये. दूध पिऊन घे पाहू."

पोरीनं मागे वळून पाहिलं. आणखी कोणी आलंय की काय!

"आजये, तू कोणाक बोलतंस?"

"तुलाच बोलते बाळ. असं नाही बोलायचं. 'आजी, तू कोणाला बोलतेस' असं म्हण."

गंधाली तिच्याकडे बघतच राहिली. दूध तसंच ठेवून ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, आजी दुसऱ्यांची झाली."

दीप्तीनं ऐकलं. त्याच दिवशी बँकेत रजा टाकून ती वॉर्ड ऑफिसला गेली. मग पुन्हा गेली. प्रसूतिगृह शोधायला गेली तर तिथे आता मोबाईलचं दुकान. डॉक्टर नवरा-बायको कोरोनानंतर सगळं गुंडाळून मुलाकडे परदेशी निघून गेलेले. पत्र देणार कोण? त्यांचं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर बाळाचं वजन होतं, पण मुलगा की मुलगी तो भाग पाण्यानं विरघळून गेलेला.

वॉर्ड ऑफिसात जन्ममृत्यूच्या टेबलावर नंदकिशोर म्हणून एक गृहस्थ होते. हिंगोलीकडचे, शांत, समोरच्याला बसायला सांगणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, माझी अडचण समजून घ्या. माझ्यासमोर लिहिलंय, तुम्हाला मुलगा झाला, नाव चेडू. तुम्ही म्हणता मुलगी आहे, नाव गंधाली. मग मला वरून विचारतील ना, चेडू कुठे गेला?"

"चेडू घरी कार्टून बघतेय," दीप्ती म्हणाली.

नंदकिशोर हसले. "असं मला लिहिता येत नाही."

"अहो, मालवणीत चेडू म्हणजेच मुलगी!"

"असेल. पण मुलगी असती तर आजी 'झाली' म्हणाल्या असत्या. पुरुष कुठून आलं?"

घाटकोपरच्या पोरीला कुडाळचं व्याकरण कुठून येणार? नंदकिशोरनी मग मार्ग सांगितला. लसीचं कार्ड आहे, त्यावर मुलगी लिहिलंय, ते एक झालं. ज्यांनी तेव्हा माहिती दिली त्या आजींना आणा, मुलीलाही आणा. आरोग्य अधिकारी मॅडमसमोर जबाब होऊ दे. मॅडमचं समाधान झालं तर काम इथल्या इथे, नाहीतर चौकशीला जाईल, आणि चौकशीचं म्हणाल तर, सरकारी काम अन् सहा महिने थांब. म्हणजे शाळा गेली.

आता सगळं शेवंतीबाईंच्या जबाबावर येऊन ठेपलं. त्यांना दोन रात्री झोप नाही. स्वयंपाक करताना ओठ हलताहेत, काय तर जबाब पाठ करताहेत! 'मी सांगितले की मुलगी झाली. मी सांगितले की मुलगी झाली.' ठेवणीतलं लुगडं काढलं, केसांना तेल लावलं, आणि तिघी रिक्षानं वॉर्ड ऑफिसला गेल्या.

आरोग्य अधिकारी पद्मजा मॅडम मध्यमवयीन, चष्मेवाल्या, टेबलावर फायलींचा डोंगर. आवाज मऊ, पण प्रश्न सरळ. "आजी, घाबरू नका. बाळ झाल्यावर तुम्ही काउंटरवर नेमकं काय सांगितलं, ते सांगा."

शेवंतीबाई ताठ उभ्या राहिल्या. "मी सांगितले की मुलगी झाली."

"मुलगी झाली म्हणालात?"

"होय. मुलगी झाली."

"मग त्यांनी पुरुष का लिहिलं?"

शेवंतीबाईंकडे पाठ केलेलं एवढंच होतं. त्या पुन्हा म्हणाल्या, "मी सांगितले की मुलगी झाली." नंदकिशोर मान खाली घालून पेनशी खेळू लागले. मॅडमनी कागद एकदा बघितला, लसीचं कार्ड एकदा बघितलं, आणि उसासा टाकला. "हे काही जुळत नाही हो. 'मुलगी झाली' ऐकून कुणी 'चेडू' नाव आणि 'पुरुष' कसं लिहील? मला हे चौकशीला पाठवावं लागेल."

झालं! बरं बोलायला जावं तरी घात, वाईट बोलायला जावं तरी घात. आता करायचं तरी काय माणसानं?

दीप्ती उठून शेवंतीबाईंच्या शेजारी आली. त्यांचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही हे असं नव्हतंच म्हटलं. त्या दिवशी जसं बोललात, अगदी तसंच बोला. मॅडम रागावणार नाहीत. आणि मला तर तेच ऐकायचंय. मी बेशुद्ध होते ना तेव्हा. माझी मुलगी झाली तेव्हा घरातलं माणूस काय बोललं ते मी ऐकलंच नाहीये अजून."

आणि मग काय विचारता! धरण फुटावं तशी बाई सुटली.

"मॅडम, मी खोटा बोललंय आता. मी मुलगी झाली म्हटलाच नाय. मी म्हटलंय, चेडू झाला! जन्मभर माका चेडू व्हया होता, ता माझ्या सुनेन दिल्यान. मी तेका म्हटलंय, चेडू झाला रे बाबा, चेडूच झाला! झिल असतो तर मी 'झालो' म्हटला नसता? माझो सिद्धेश झालो तेवा मी 'झालो'च म्हटलंय. ह्या चेडू, म्हणान 'झाला'! तेका समाजला नाय, तेचो काय दोष? तेच्या तोंडार दोन मास्क, माझ्या तोंडार एक, आणि दोघांचाय डोक्या ठिकाणार नाय!"

मॅडमना निम्मंच कळलं. बाजूच्या टेबलावरची माणसं मात्र काम थांबवून ऐकायला लागली होती. नंदकिशोरनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे आजी, मुलगा असेल तर 'झालो' आणि मुलगी असेल तर 'झाला'?"

"मगे काय!"

"हे तुम्ही आज सांगताय की खरंच असंच बोलतात?"

शेवंतीबाई काही बोलायच्या आधीच मॅडम खुर्चीतून पुढे वाकल्या. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून गंधाली सगळं बघत होती. किती तरी दिवसांनी आजीच्या तोंडून आपली भाषा ऐकून पोरीचा चेहरा फुलला होता. मॅडमनी तिला विचारलं, "काय गं, तू कोण?"

गंधालीनं आईकडे नाही, आजीकडे बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी आजयेचा चेडू!"

मॅडमनी नंदकिशोरकडे बघितलं, नंदकिशोरनी मॅडमकडे. समोर दोन वेण्या, फ्रॉक, कानात डूल, आणि पोरगी स्वतःला 'आजयेची' नाही, 'आजयेचा' म्हणतेय! पढवून आणायचं म्हटलं असतं तरी कुणाला हे सुचलं नसतं. मॅडम हसायला लागल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"नंदकिशोर, लिहा जबाब. आजी जशा बोलल्या तसाच लिहा."

"मॅडम, मालवणीत?"

"मालवणीतच. आणि खाली अर्थ मराठीत. मी सही करते."

नंदकिशोर लिहायला बसले. हिंगोलीचा माणूस कुडाळचं लिहितोय म्हटल्यावर काय गंमत! "आजी, पुन्हा एकदा म्हणा. 'म्हटलंय' की 'म्हटलय'?" शेवंतीबाई प्रत्येक शब्द सावकाश सांगत होत्या. ज्या बोलण्याला आजवर 'गावाकडचं, नको' म्हटलं गेलं, ते एक शहाणा माणूस पेन धरून कागदावर उतरवून घेत होता, आणि मधेच चुकलं तर खोडून पुन्हा लिहीत होता. शेवंतीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मुलगा झाला तेव्हा रडल्या नव्हत्या एवढ्या रडल्या.

काम झाल्यावर त्या नंदकिशोरसमोर हात जोडून म्हणाल्या, "देव बरा करो."

"काय म्हणाल्या?" त्यांनी दीप्तीला विचारलं.

"मालवणीत 'आभारी आहे' असं काही नसतं," दीप्ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो."

"असू दे, असू दे," नंदकिशोर म्हणाले आणि उगाचच फायली नीट करायला लागले.

दुरुस्त दाखला आठवड्यात मिळाला. नाव गंधाली, लिंग स्त्री. सिद्धेशनं तो आणून आधी आईच्या हातात दिला. आणि म्हणाला, "आये, चाय टाक ना." शेवंतीबाईंनी काय ते ओळखलं आणि चहा टाकला. आई-मुलाची माफी अशीच असते, त्याला कोण काय करणार?

महिना संपायच्या आत दीप्ती, गंधाली आणि शेवंतीबाई शाळेत गेल्या. मोठ्या बाई आता दुसऱ्या होत्या, तरुण, पण त्या मावशींना ओळखत होत्या. "अय्या, मावशी, तुमची नात!" म्हणून खूश झाल्या. दाखला बघितला, ठेवून घेतला. जागा पक्की झाली. शेवंतीबाईंचा जीव भांड्यात पडला. मग बाई दीप्तीला सहज म्हणाल्या, "घरी हिच्याशी इंग्लिश बोलता ना? नसाल तर आता सवय करा."

शेवंतीबाईंनी नकळत तोंडावर पदर घेतला. जुनी सवय.

"इंग्लिश तुम्ही शिकवालच," दीप्ती म्हणाली. "मी मराठी बोलेन. आणि आई हिच्याशी मालवणी बोलतात, ती तशीच बोलत राहतील. ते बंद होणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता की काही नाही. बाई "हो हो, का नाही," म्हणाल्या आणि हसल्या. विषय संपला. ह्याच इमारतीत शेवंतीबाई इतकी वर्षं तोंड मिटून वावरल्या होत्या, आणि आज कुणीतरी त्यांच्या वतीनं इतक्या साध्या आवाजात बोललं होतं. तेही कोण, तर जिला 'पाटलो' कळत नव्हता ती!

परतताना रिक्षात गंधाली आजीच्या मांडीवर कलंडली. वाकोल्याचा पूल तुंबलेला, रिक्षा जागच्या जागी. शेवंतीबाईंना खूप काही बोलायचं होतं. तू रजा टाकून टाकून फिरलीस, एका शब्दानं मला दुखावलं नाहीस, माझं तोंड मला परत दिलंस. पण बडबड्या माणसाची हीच तर गंमत, खरं बोलायची वेळ आली की शब्द मिळत नाही. त्यांनी दीप्तीचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "देव बरा करो गो, बाय माझ्या."

दीप्तीनं त्यांचा हात धरूनच ठेवला. मग मांडीवर झोपलेल्या पोरीकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदाच मालवणी बोलायचा धीर करत ती म्हणाली, "आई, तुमची चेडू निजली गो."

'तुमची' नाही, 'तुमचा'. 'निजली' नाही, 'निजला'. आणि सासूला कुणी 'गो' म्हणतं का?

शेवंतीबाईंनी त्यातली एकही चूक काढली नाही. नातीच्या कपाळावरचे केस मागे सारत त्या म्हणाल्या, "होय गो, निजली," आणि रिक्षा पुढे सरकली.